स्विस मालकीणबाई आणि कपड्यांची दोरी

अमेरिकेत आम्ही पाच वर्षं राहिलो, पण त्यातली चार वर्षं खरं तर स्वित्झर्लंडमध्ये काढली, असं मी नेहमी म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, नवऱ्याची मध्येच तिकडे बदली झाली असेल. तसं काही नाही. आम्ही न्यू जर्सीतच होतो, वेस्ट विंडसरला, स्टेशनपासून गाडीने दहा मिनिटांवर. फक्त आमची घरमालकीण स्विस होती.

मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. उंच, काटक, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. चाळीसेक वर्षांपूर्वी आल्प्समधल्या एका खेड्यातून नवऱ्याबरोबर त्या इथे आल्या होत्या. नवरा एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करायचा. तो गेल्यावर एकमेकांना चिकटलेल्या दोन टाउनहाउसपैकी एकात त्या राहायच्या आणि दुसरं भाड्याने द्यायच्या. मधली भिंत एकच, आणि मागच्या हिरवळीला कुंपण नाही. म्हणजे आमचं काय चाललंय ते त्यांना कळायचं आणि त्यांचं आम्हाला.

घराची किल्ली देताना त्यांनी आमच्या हातात एक फाइल ठेवली. अकरा टाइप केलेली पानं. सकाळी सात वाजता सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी. वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीने उभा-आडवा बांधूनच रिसायकलिंगला ठेवायचा, पुठ्ठे वेगळे. दुपारी बारा ते एक भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रविवारी व्हॅक्यूम नाही, कपडे धुणं नाही, आणि काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो. नवऱ्याने पानं चाळली आणि म्हणाला, "आमच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंट इतकं व्यवस्थित असतं तर मी रोज सहाला घरी आलो असतो."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला शनिवारी चारला कॉफीला बोलावलं. आम्ही चार वाजून वीस मिनिटांनी गेलो. पुण्यात चारचं आमंत्रण असेल तर पावणेपाचपर्यंत यजमानही आंघोळ करून तयार नसतो, त्या मानाने आम्ही लवकरच गेलो होतो. दार उघडंच होतं. टेबलावर तीन कप. एक रिकामा, कारण मालकीणबाईंनी आपली कॉफी चारला पिऊन टाकली होती. आमचे दोन भरलेले आणि गार. आम्ही ती गार कॉफी मुकाट्याने प्यायलो. पुढच्या वेळी धडा घेऊन दहा मिनिटं आधी बेल वाजवली, तर त्या दारात उभ्या राहून घड्याळ बघत म्हणाल्या, "चारला दहा कमी आहेत." आणि दार लावून घेतलं. आम्ही दहा मिनिटं पायरीवर बसलो. चारला दार उघडलं तेव्हा त्या इतक्या प्रसन्न हसल्या, की जणू आम्हाला आज पहिल्यांदाच पाहत होत्या.

कुकरच्या शिट्टीचं मात्र त्यांना पहिले काही दिवस कोडं होतं. एकदा येऊन त्यांनी विचारलं, "हा धोक्याचा इशारा आहे का?" मी कुकर दाखवला, तीन शिट्ट्या म्हणजे डाळ-भात झाला, असं समजावलं. त्यांना ते पटलं. आकड्यात सांगितलेली कुठलीही गोष्ट त्यांना पटायची. मग एका संध्याकाळी दारावर टकटक झाली.

"आज पाच झाल्या," त्या काळजीने म्हणाल्या.

"आज राजमा आहे," मी म्हणाले.

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी ते कुठेतरी लिहून ठेवलं असणार याबद्दल मला शंका नाही.

त्या काळात मी डिपेन्डन्ट व्हिसावर होते. पुण्यात बँकेत आठ वर्षं नोकरी केलेली मी, इथे मला कामाची परवानगी नव्हती. नवरा सकाळी साडेसातला निघायचा तो अंधार पडता पडता यायचा. पहिल्या दोन वर्षांत शेजारच्या कुणाचं नाव मला माहीत नव्हतं. गाड्या गॅरेजमधून निघायच्या, गॅरेजमध्ये जायच्या, गॅरेजचं दार खाली यायचं. दिवसभरात बोलायला एकच माणूस होतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा मला सुतळीची गाठ कशी मारावी ते सांगायचं. मला ते आवडायला लागलं होतं. कुणीतरी आपल्या घरातल्या शिट्ट्या मोजतंय, यात एक आधार असतो.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. अमरावतीला मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलाने फारच आग्रह केला म्हणून त्या आल्या. भूगोल शिकवलेल्या बाईला वेस्ट विंडसरचा भूगोल काही मानवेना. पायी जावं असं ठिकाण नाही, जाऊ म्हटलं तर अर्ध्या रस्त्याला फुटपाथ संपतो. रविवारी एडिसनला नेऊन भाजी, मसाले, देवळाचं दर्शन झालं की पुढचे सहा दिवस घर. तीन आठवड्यांत आई टीव्हीसमोर बसल्या बसल्या झोपायला लागल्या. जेवणातही लक्ष नाही. "बरं वाटतंय ना आई?" विचारलं की म्हणायच्या, "मला काय धाड भरली आहे?"

त्यांची खरी तक्रार एकच होती, ड्रायर. आई फक्त सुती साड्या नेसायच्या आणि त्याही खळ घातलेल्या. खळ घातलेली साडी ड्रायरमध्ये टाकली की बाहेर येते ती बोळा होऊन. पहिल्या दिवशी आपली निळ्या काठांची साडी हातात धरून त्यांनी मला विचारलं, "हे कपडे वाळवले का भाजले?"

एका सोमवारी मी वरच्या मजल्यावर होते. खाली आले तर आई घरात नाहीत. मागचं दार उघडं. बाहेर पाहिलं, तर त्यांनी नवऱ्याने सामान बांधायला आणलेली नायलॉनची दोरी पॅटिओच्या, म्हणजे मागच्या ओसरीच्या, खांबापासून मेपलच्या झाडापर्यंत ताणून बांधली होती आणि ओली, खळ घातलेली साडी खांद्यावर घेऊन त्या उभ्या होत्या. आणि पलीकडून मालकीणबाई हिरवळ तुडवत येत होत्या.

मी धावले. मला माहीत होतं, आमच्या वस्तीच्या असोसिएशनचा नियम होता: रस्त्यावरून दिसतील असे कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. आमचं घर कोपऱ्यावरचं, बाजूच्या रस्त्यावरून सगळं अंगण दिसायचं. फाइलमध्ये सातव्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं होतं.

मी पोचेपर्यंत आईंनी साडीचं एक टोक मालकीणबाईंच्या हातात दिलं होतं. वर्गातल्या मुलीच्या हातात डस्टर द्यावं तसं, न बोलता. आणि मालकीणबाईंनी ते घेतलं होतं. दोघी मागे मागे सरकत गेल्या, साडी ताणली गेली, मग दोघींनी एकदमच तिला झटका दिला. फट्ट असा आवाज झाला. पुन्हा एक झटका. मग दोघींनी ती दोरीवर घातली, काठाला काठ जुळवला, मालकीणबाईंनी बोटांनी सुरकुती सरळ केली.

एवढं सगळं झाल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे इथे चालत नाही. तिला सांग."

"हो," मी म्हणाले.

"आजची वाळू दे. ओली साडी आता कुठे नेणार? पण उद्यापासून नाही."

त्या गेल्यावर आईंनी विचारलं, "काय म्हणत होती?"

आईंचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हणाले, "साडी छान आहे म्हणाल्या."

ते मी तेव्हा बोलून गेले आणि मग सुधारलंच नाही. पुढच्या सोमवारी मालकीणबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, तेव्हा आईंनी तीन साड्या वाळत घातल्या. त्यानंतरच्या बुधवारी, त्या बाजारात गेल्या असताना, चादरीसुद्धा. मी रोज म्हणायची, आज सांगू. पण आई गुणगुणत पोळ्या लाटायला लागल्या होत्या, आणि मला सांगवेना.

असोसिएशनचं ताकिदीचं पत्र शुक्रवारी आलं. घर मालकीणबाईंच्या नावावर, म्हणून पत्रही त्यांनाच. बरोबर चारला त्या पत्र घेऊन आमच्या दारात उभ्या. चेहरा रागाचा नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"तू तिला सांगितलं होतंस?"

"नाही."

"का?"

मी म्हणाले, "त्या आनंदात होत्या."

मालकीणबाई आत येऊन उभ्या राहिल्या. "मग आता सांग. सगळं सांग. मी इथे उभी आहे."

मी सांगितलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी माझ्यावरच घसरल्या. चिडल्या की त्यांचं शाळेतलं मराठी सुटायचं आणि अमरावती बाहेर यायची. "काहून नाही सांगितलं तू मले? मी काय नियम मोडणारी बाई आहे? तीस वर्षं शिस्त लावली मी पोरींना!" मग त्या मालकीणबाईंकडे वळल्या, पत्राकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाल्या, "पण हिला विचार, ऊन काय त्यांच्या बापाचं आहे?"

मी भाषांतर केलं, "त्या म्हणतायत, की सूर्यप्रकाश ही निसर्गाची देणगी असून ती सगळ्यांसाठी आहे, असं त्यांना नम्रपणे वाटतं."

मालकीणबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ती एवढं लांब बोलली नाही," त्या म्हणाल्या.

मग मी खरं भाषांतर केलं. मालकीणबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्या बाहेर गेल्या, दोन्ही गाठी सोडवल्या, दोरीची सुबक गुंडाळी करून आईंच्या हातात दिली. गाठी आईंनीच मारल्या होत्या, त्या कशा सुटल्या ते त्यांनी पाहिलं होतं. "हिला गाठ सोडवता येते," त्या मला म्हणाल्या. "आजकालच्या बायका कात्री आणतात."

पुढच्या सोमवारी मालकीणबाई आईंना घेऊन आपल्या तळघरात गेल्या. मीही मागोमाग. तिथे पाच दोऱ्या समांतर बांधलेल्या, वर दोन ट्यूबलाइट, कोपऱ्यात एक पंखा. चादरी, टॉवेल, एप्रन, सगळं लांबीप्रमाणे लावलेलं. ड्रायरवर त्यांचाही विश्वास नव्हता. इथे राहायला आल्यापासून त्या असेच कपडे वाळवत होत्या, कारण घर घेताना त्यांनी नियमांवर सही केली होती आणि सही म्हणजे सही.

आई दोऱ्यांखालून वाकून फिरल्या. एका उशीच्या अभ्र्याला नाक लावलं. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं हिने कपड्यांना ऊन दाखवलं नाही. विचार, हिच्या गावाला कसं वाळवायचे?"

मी विचारलं आणि मालकीणबाई बोलायला लागल्या. दोन वर्षांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या खेड्यात प्रत्येक लाकडी घराला मोठा सज्जा आणि प्रत्येक सज्ज्यावर कपडे. हिवाळ्यातही बाहेरच. थंडीत ते फळीसारखे कडक होत. संध्याकाळी त्यांची आई वडिलांची पँट काखोटीला मारून आत आणायची, ती तशीच उभीच्या उभी शेकोटीशेजारी भिंतीला टेकवून ठेवायची, आणि ती पँट हळूहळू वितळत गुडघ्यात वाकून खाली बसायची. सगळी भावंडं ते बघायला जमायची. "आमच्याकडे टीव्ही नव्हता," मालकीणबाई म्हणाल्या.

आई इतक्या हसल्या की त्यांना खाली पायरीवर बसावं लागलं. मग त्यांनी सांगितलं, की अमरावतीला मे महिन्यात साडीचं दुसरं टोक दोरीवर घालेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. मालकीणबाईंना वाटलं, मी चुकीचं भाषांतर करतेय. त्यांनी मला दोनदा विचारलं.

त्या दिवशी त्यांनी असोसिएशनचे सगळे कायदे बाहेर काढले. तीन संध्याकाळी त्या ते वाचत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या आल्या, पेन्सिलने खूण केलेलं पान घेऊन. वीस घरांच्या सह्या असतील तर कुठलाही नियम बदलण्याचा प्रस्ताव महिन्याच्या सभेत मांडता येत होता.

"हे माझ्या देशासारखं आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "आमच्याकडे लोकांना कायदा आवडला नाही तर ते सह्या गोळा करतात. मग सगळे मत देतात. रस्त्यासाठी, शाळेसाठी, गायींच्या घंटांसाठीसुद्धा."

"मग तुम्हीही खूप वेळा मत दिलं असेल," मी म्हणाले.

"नाही. कधीच नाही. मी निघून आले तेव्हा तिकडे बायकांना मत नव्हतं. मी आल्यानंतर मिळालं."

मी हे आईंना सांगितलं. आईंचा विश्वास बसेना. शाळेत शिक्षिका म्हणून कित्येक निवडणुकांत त्यांना मतदान केंद्रावर ड्यूटी लागली होती. खेडोपाडी जाऊन, शाळेच्या वर्गात मतपेटीशेजारी बसून, बायकांच्या बोटांना शाई लावली होती त्यांनी. स्वित्झर्लंड म्हणजे घड्याळं आणि बर्फाचे डोंगर, असं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना शिकवलं होतं. ही गोष्ट पुस्तकात नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि त्या म्हणाल्या, "चला. कोणत्या घरापासून सुरुवात करायची?"

तो जून महिना मी विसरणार नाही. रोज पाच ते सहा, पाचच्या आधी नाही आणि सहानंतर नाही, आम्ही तिघी घरोघर जायचो. पुढे मालकीणबाई, हातात क्लिपबोर्ड. मागे आई, ड्रायरमधून काढून दोनदा इस्त्री केलेल्या साडीत आणि पांढऱ्या स्पोर्ट्स शूजमध्ये. शेवटी मी, मान खाली घालून. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बँकेत मी मोठमोठ्या गिऱ्हाइकांशी बोलले होते, पण इथे अनोळखी दारासमोर उभं राहून "आम्हाला कपडे बाहेर वाळवायचे आहेत" म्हणायची लाज वाटायची. आपली माणसं बघतील, काय म्हणतील.

आपल्या माणसांनीच सगळ्यांत आधी नाही म्हटलं. मुंबईहून आलेलं एक जोडपं होतं, त्यातला तो म्हणाला, "यार, आपण इथे येऊनही तेच करायचं का? प्रॉपर्टी व्हॅल्यू डाउन होते." आईंनी मराठी ऐकलं आणि विचारलं, "बाळा, तुझी आई कपडे कुठे वाळत घालते?" तो ओशाळून हसला. सही मात्र केली नाही त्याने.

पण एका घरात एक चिनी आजी भेटल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांचा मुलगा घरी नव्हता. मालकीणबाईंनी दोन्ही हातांनी कपडा झटकल्याचा आणि दोरीवर घातल्याचा अभिनय केला. आजींनी आईंचा हात धरला आणि आम्हाला थेट बाथरूममध्ये नेलं. तिथे टबवर आडव्या टाकलेल्या काठीवर शर्ट, पँट, नातवाचं बनियन, सगळं टपकत होतं. त्यांनी काठीकडे बोट दाखवलं, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे, आणि कपाळाला हात लावला. क्लिपबोर्डवर त्यांनी सही केली ती अर्ध्या पानाएवढी. शिवाय एक पिशवीभर पालक दिला.

तीन आठवड्यांत एकवीस सह्या झाल्या. मला एकवीस घरांतल्या माणसांची नावं कळली. कोण नर्स आहे, कुणाचा मुलगा पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीत शिकतो, कुणाच्या कुत्र्याला कोणता आजार आहे. रस्त्यात गाडी थांबवून लोक आईंना हात करायला लागले. नवरा एकदा म्हणाला, "मी इथे तीन वर्षं टॅक्स भरतोय, मला कुणी ओळखत नाही. आई आली आणि महिन्याभरात नगरसेवक झाली."

सभा क्लबहाउसमध्ये संध्याकाळी सातला होती. आम्ही पावणेसातला गेलो. समितीचे पाच सदस्य, अध्यक्ष हाफपँटमधले एक सौम्य गृहस्थ. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. मालकीणबाई कागदावरून वाचून बोलल्या, दोन मिनिटं पन्नास सेकंद. त्यात ऊन, वीज, आणि नियम बदलण्याचा नियम, असं सगळं आलं. मग आई उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या शाळेतल्यासारखं भाषण करतील. त्यांनी पिशवीतून उशीचे दोन अभ्रे काढले.

"हा ड्रायरमधला," त्या म्हणाल्या आणि मी सांगत गेले. "आणि हा खिडकीत, आतल्या बाजूने, उन्हात वाळवलेला. नियम मोडला नाही. दोन्हीचा वास घ्या. मला आणखी काही सांगायचं नाही."

अभ्रे टेबलावरून एकाकडून दुसऱ्याकडे गेले. पाच मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने उशीचे अभ्रे हुंगत होती. अध्यक्षांनी दुसरा अभ्रा जरा जास्तच वेळ नाकाशी धरला आणि म्हणाले, "माझ्या आजीच्या घराचा वास आहे हा." मला वाटलं, जिंकलो.

मग मतं घेतली. तीन विरुद्ध दोन. प्रस्ताव पडला. अध्यक्षांनीसुद्धा विरुद्धच मत दिलं.

आईंचा चेहरा उतरला. मालकीणबाई मात्र उठल्या आणि पाचही जणांशी हात मिळवला, एकेकाचं नाव घेऊन, विरुद्ध मत देणाऱ्यांशीसुद्धा तितकाच वेळ. बाहेर आल्यावर आई मला म्हणाल्या, "हिला वाईट नाही वाटलं?"

मी विचारलं. मालकीणबाई गाडीचं दार धरून थांबल्या. "वाटलं," त्या म्हणाल्या. "पण मी मांडलं आणि त्यांनी मत दिलं. आता वर्षभर आपण वाट बघायची आणि पुन्हा मांडायचं. मी सत्तर वर्षांची आहे, मला वेळ आहे."

आईंना हे तर्कशास्त्र काही कळलं नाही, पण परतीच्या वाटेवर त्यांनी पुढच्या सीटवर बसलेल्या मालकीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो घर येईपर्यंत काढला नाही.

मधल्या काळासाठी तोड निघाली. नियमात शब्द होते 'रस्त्यावरून दिसतील असे'. मालकीणबाईंनी टेप घेऊन पॅटिओच्या कठड्याची उंची मोजली, बाजूच्या रस्त्यावर उभं राहून खाली वाकून, मग गाडीत बसून पाहिलं आणि कठड्यापेक्षा बोटभर कमी उंचीचा घडीचा स्टँड आणला. त्यावर आईंची साडी चार घड्या करून घालावी लागे आणि वाळायला दुपार कमी पडे. आई कुरकुरायच्या आणि घालायच्या. सोमवारी दोघी स्टँडशेजारी खुर्च्या टाकून बसायच्या, एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये. मी नसतानाही त्यांचं चालायचं. एकदा मालकीणबाईंनी उकडलेल्या बटाट्यांवर वितळलेलं चीज घालून आणलं. आईंनी वास घेतला आणि मला हळूच म्हणाल्या, "हे नासलंय, तिला कळलेलं दिसत नाही. सांगू नको." आणि सगळं खाल्लं.

ऑक्टोबरच्या शेवटी आई परत गेल्या. विमानतळाकडे निघताना मालकीणबाईंनी त्यांच्याशी हात मिळवला, मग जरा थांबून पुन्हा मिळवला. त्यांना मिठी मारता येत नसावी.

पुढच्या वर्षी सह्या मी एकटीने गोळा केल्या. मालकीणबाईंचा गुडघा दुखत होता, त्या घरून यादी तपासायच्या. एकतीस झाल्या. मुंबईच्या त्या जोडप्याने सही केली. त्याची आई आली होती तेव्हा. या वेळी प्रस्ताव मंजूर झाला, पण अटी घालून: फक्त सोमवार आणि मंगळवार, सकाळी नऊ ते दुपारी चार. मी अमरावतीला फोन लावला. आईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "बुधवारी त्यांच्याकडे ऊन नसतं का?" मग म्हणाल्या, "जाऊ दे. तिला म्हणावं, अभिनंदन." हा शब्द मी इंग्रजीत सांगितला तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, मूळ शब्द काय होता. मी सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला, आपल्या लिपीत, तीन तुकडे करून.

दोन हजार सातमध्ये नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही एडिसनला जायचं ठरवलं. घर सोडायच्या दिवशी मालकीणबाई बॅटरी आणि यादी घेऊन आल्या. स्विस लोक घर परत घेताना कसे घेतात, ते मला तेव्हा कळलं. खिडक्यांच्या खोबणीत बोट फिरवून बघितलं. ओव्हन उघडून डोकं आत घातलं. नळाच्या तोटीत साचलेला क्षार पाहिला. खिळ्यांची भोकं मोजली, नऊ, आणि ती बुजवायला मला बसवलं. नवरा दर दहा मिनिटांनी ट्रकवाल्याला फोन करून "अजून थोडं" सांगत होता.

शेवटी स्वयंपाकघर. ओट्यामागच्या भिंतीवर, फोडणी घालायच्या जागेच्या वर, हळदीचा एक डाग होता, तळहाताएवढा. मी सोडा लावून, लिंबू लावून, काय काय करून घासला होता. गेला नव्हता. मी म्हणाले, "मी रंगाचा खर्च देते."

मालकीणबाईंनी त्यावर बॅटरी मारली. मग बॅटरी बंद करून साध्या उजेडात पाहिलं. नखाने जरा खरवडलं, नख नाकाशी नेलं. यादीत लिहिलं आणि कागद माझ्यासमोर सहीसाठी धरला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'स्वयंपाकघर, भिंत, पिवळा. राहील.'

मी सही केली. त्यांनी किल्ल्या मोजून घेतल्या, नवऱ्याशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला, आणि ट्रक निघाल्यावर आपल्या घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला, ओव्हनच्या खालच्या खणात आमचा एक झारा राहिला आहे, शनिवारी घ्यायला या.